लहान मुलांचं गाणं त्यांच्या पट्टीत बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की कोल्हापुरात बालवाड्यांचे आणि छंदवर्गांचे फलक लागतात. संगीतानं बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असली आश्वासनं त्यांवर असतात आणि पालक त्या भरवशावर साडेतीन वर्षांच्या पोराला पेटीच्या क्लासला घालतात. लहान वयात संगीत मिळावं, याबद्दल आमचं दुमत नाही. पण ते कशासाठी द्यायचं आणि कसं, याचा हिशेब या फलकांवर पार चुकलेला असतो. बालवाडी आणि गायन अशा दोन्ही बाजूंनी काम करणारे आम्ही काही शिक्षक म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

बुद्ध्यांकाचं आधी संपवून टाकू. या सगळ्याचं मूळ १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात ३६ कॉलेजवयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची रचना ऐकवली. त्यानंतर घडी घातलेला कागद मनातल्या मनात उलगडण्यासारख्या चाचणीत ते थोडे सरस ठरले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं, आणि त्या प्रयोगात लहान मूल एकही नव्हतं. तरीसुद्धा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्याचा प्रस्ताव मांडला. त्या मानानं कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांचा २००४ चा प्रयोग नीट बेतलेला होता. सहा वर्षांची १४४ मुलं, चार गट, वर्षभर शिकवणी. गाणं किंवा कीबोर्ड शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी वाढला आणि बाकीच्यांचा ४.३ गुणांनी, कारण शाळेत जायला लागलं की सगळ्यांचाच थोडा वाढतो. म्हणजे फरक पावणेतीन गुणांचाही नाही. पुढे २०२० मध्ये अशा ५४ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा जिथे तुलनेचा गट चोख होता तिथे हा फायदा जवळजवळ शून्यावर आला. गणितात पैकीच्या पैकी पडावेत म्हणून कुणी मुलाला गाणं शिकवत असेल, तर त्यानं सरळ गणित शिकवावं.

मग मिळतं काय? कान तयार होतो, अंगात लय बसते, बोलण्यातले बारीक आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात आणि मूल चारचौघांत मिसळतं. यातलं प्रत्येक तपासलेलं आहे. कॅनडात २००५ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं, त्याच वजनाचा ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. ज्या बाळांनी दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहिलं, त्यांच्यात यातलं काही दिसलं नाही. सिएटलमध्ये २०१६ साली नऊ महिन्यांच्या बाळांना महिनाभरात पंधरा-पंधरा मिनिटांचे बारा खेळ तीन मात्रांच्या तालावर दिले, तर ताल चुकला की आणि बोलण्याची लय बदलली की त्यांचा मेंदू ते इतर बाळांपेक्षा ठळकपणे टिपू लागला. माँट्रियलमध्ये बाळांना त्यांच्या घरी न बोलल्या जाणाऱ्या तुर्की भाषेतलं गाणं ऐकवलं, तर ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. त्याच भाषेतल्या लाडिक बोलण्यानं जेमतेम चार मिनिटं. आणि जर्मनीत चार वर्षांची मुलं मिळून गायली-वाजवली, तर नंतरच्या खेळात ती एकमेकांच्या मदतीला जास्त धावली.

माँट्रियलचा प्रयोग सोडला, तर या सगळ्यांत समोर जिवंत माणूस आहे आणि मुलाचं अंग हललेलं आहे. मोबाइल खाटल्याला टेकवून लावलेलं बालगीत या हिशेबात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं ते सरळ आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाच्या आत.

तान्ह्या बाळासाठी घरात फार काही करावं लागत नाही. मालीश, आंघोळ, झोप या वेळा ठरलेल्या असतातच. प्रत्येकीला एक गाणं ठरवून टाका आणि महिनोन्महिने बदलू नका. मोठ्यांना कंटाळा येतो, बाळाला येत नाही. चेहरा बाळापासून वीतभर अंतरावर धरून एक ओळ म्हणा आणि चार-पाच सेकंद थांबा. बाळ हुंकार देतं, पाय झाडतं, मग पुढची ओळ. बहुतेक आया नेमक्या इथे चुकतात: बाळाची पाळी यायच्या आत पुढची ओळ सुरू होते. मान धरायला लागल्यावर मांडीवर बसवून, काखेत हात घालून, ठेक्यावर हलकं झुलवा. गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही.

तीन वर्षांनंतर अंगणवाडी आली आणि खरी गफलत इथे होते, ती पट्टीची, म्हणजे गाण्याचा 'सा' किती उंचावर धरायचा याची. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा आवाज ज्या टापूत विनासायास लागतो, तो पाच-सहा सुरांचाच असतो आणि मोठ्यांच्या मानानं उंच असतो. एखाद्या ताई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज (सा) धरून गात असतील, तर त्यांच्या गंधारापासून (ग) तार षड्जाच्या (वरच्या सा) आसपास मुलांचा आवाज मोकळा असतो. ताई मात्र स्वतःच्या सोयीनं मध्य षड्जावरून गाणं उचलतात. मुलांना तो सूर खाली सापडत नाही, मग ती घशातून गुरगुरतात किंवा एका सुरात बोलून मोकळी होतात. 'आवाज येत नाही' असं ओरडलं की किंचाळतात. आणि दोष येतो मुलांच्या कानावर!

उपाय पाच मिनिटांचा आहे. गाणं सा ते प एवढंच फिरत असेल, तर ताईंच्या काळी चारच्या वरची जी पांढरी दोन, तिच्यावर षड्ज धरा. धैवतापर्यंत (ध) जाणारं असेल तर पांढरी एक. याच्यापलीकडे पळणारी गाणी या वयाला घेऊच नका. सिनेमातली बहुतेक गाणी सप्तक ओलांडतात, म्हणून स्नेहसंमेलनात मुलं अंतऱ्याला ओरडतात. आपल्या ओव्या, पाळणे, भोंडल्याची आणि पंचमीच्या फेराची गाणी चार-पाच सुरांत फिरतात. त्यांची पट्टी तेवढी वर घ्यायची. पेटी नसेल तर मोबाइलवरच्या तानपुऱ्याला सी (पांढरी एक) किंवा डी (पांढरी दोन) सूर लावून, कमी आवाजात, भिंतीशी ठेवा. शिकवणारे गुरुजी असतील तर त्यांचा आवाज मुलांच्या एक सप्तक खाली पडतो आणि निम्मी मुलं तो खालचा सूर शोधत बसतात. त्यांनी स्वतः जोरात गाऊ नये; पेटीवर सूर द्यावा, किंवा वरच्या वर्गातली सुरेल मुलगी पुढे उभी करावी.

सूर जुळवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे हजेरी. षड्ज पांढरी एक धरला की पंचम (प) पांढरी पाच आणि गंधार पांढरी तीन. नाव पंचमावर सुरू करून गंधारावर सोडा, मूल त्याच दोन सुरांत 'आले' किंवा 'आलो' म्हणेल. पंचवीस मुलांची हजेरी दोन-अडीच मिनिटांत होते आणि प्रत्येक मुलाचा एकट्याचा आवाज रोज कानावर पडतो, जो समूहगानात कधीच पडत नाही. कुणाचा सूर वेगळा लागला तर दुरुस्त करायचं नाही. उलट ताईंनीच मुलाचा सूर उचलायचा, त्यावर त्याचं नाव म्हणायचं आणि मग एकेक सूर वर सरकायचं. अग्निशमनच्या बंबासारखा 'ऊऽऽ' खालून वर, वरून खाली काढायला लावला की बऱ्याच मुलांना आपला वरचा आवाज पहिल्यांदा सापडतो. नेमका सूर पकडणं हे पाचव्या ते आठव्या वर्षांदरम्यान हळूहळू येतं. त्याआधी चालीचा चढ-उतार जमला तरी पुष्कळ झालं. 'तू नुसते ओठ हलव' हे वाक्य मात्र शाळेतून हद्दपार व्हायला हवं. ते ऐकलेली माणसं साठीतही आरतीला तोंड उघडत नाहीत.

लयीचंही तसंच. मोठ्या माणसाला आपसूक टाळी द्यायला सांगितली तर ती मिनिटाला शंभरच्या आसपास पडते. चार वर्षांच्या मुलाची १३० ते १५० च्या घरात जाते, कारण त्याचे पाय आखूड आणि पावलं भरभर. त्याला संथ लयीत बांधलं की टाळ्या पसरतात. म्हणून आधी मुलांना खोलीत चालू द्या, त्यांच्या पावलांचा वेग पकडा आणि त्यावर गाणं म्हणा. तीन-चार आठवड्यांनी थोडं संथ, थोडं जलद. रेकॉर्ड लावून नाच बसवताना नेमकं उलट होतं: रेकॉर्ड थांबत नाही, मुलं मागे राहतात, ताई पुढे उभ्या राहून हातवारे करतात आणि मुलं ताईंकडे बघून ते करतात. कान बंदच.

टाळी आणि शब्द यांची जोड लावली की वाचनाची पूर्वतयारी होते. बोलण्याचे तुकडे कानांनी वेगळे करता येणं ही अक्षरओळखीच्या आधीची पायरी आहे. इथेही एक खोड आड येते. ताई लिहिण्याप्रमाणे टाळ्या देतात. मिसळ लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना दोनच टाळ्या: मि-सळ. भाकरीलाही दोनच: भाक-री. कोल्हापूरला तीन: कोल्-हा-पूर. जोडाक्षरातल्या अर्ध्या 'ल'ला स्वतंत्र टाळी दिली की मूल ऐकतं एक आणि करतं दुसरं. सुरुवात मुलांच्या नावांपासून करा, मग डब्यातले पदार्थ, मग दोघांची नावं सलग.

पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. चालणं आणि टाळी दोन-तीन मिनिटं, हजेरी तेवढीच, एक जुनं आणि एक नवं गाणं मिळून पाच-सहा, वाजवणं तीन-चार, शेवटी एक पाळणा. नवं गाणं पंधरवड्याला एकच. ओळीओळीनं घोकून घेऊ नका; अख्खं गाणं तीन-चार दिवस नुसतं ऐकवा, मग ओळीचा शेवटचा शब्द गाळा, मुलं तो भरतात. आठवड्यातून एकदा दोन तास घेणाऱ्या महागड्या वर्गापेक्षा हे केव्हाही सरस.

वाद्यांवर खर्च नको. नारळाच्या करवंट्या घ्या. सोडण सोडवून बाहेरून खरवडा, कडा कानशीनं सपाट करा, आधी ८० नंबरचा आणि मग १५० नंबरचा पॉलिश पेपर मारा, शेवटी खोबरेल चोळा. व्हार्निश लावायचं नाही, मुलं तोंडात घालतात. कडा सपाट झाली नाही तर आवाज फुटका येतो आणि टवके निघतात. खुळखुळ्याला अर्ध्या लिटरची जाड बाटली आणि तिच्या पाव भागापर्यंत ज्वारी. जास्त भरली की दाण्यांना उडायला जागा राहत नाही, आवाज बसतो. ज्वारी आधी कोरडी भाजून गार करा, नाहीतर पावसाळ्यात दोन महिन्यांत किडे होतात. झाकण गमनं चिकटवून वरून चिकटपट्टी, आणि दर सोमवारी ओढून बघणं हे मदतनीसांच्या कामात लिहून ठेवा. सुटलेला दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत जातो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती सुटे घुंगरू देऊ नका. टिपऱ्या वीतभर लांबीच्या, टोकं गोल केलेल्या. लेझीम या वयाला नको, साखळीत बोटं चिमटतात. हलगी तर बंद खोलीत नकोच. अंगणात, मुलं दहा-पंधरा पावलांवर ठेवून, ती कशी शेकतात आणि तापल्यावर आवाज कसा चढतो ते दाखवा. वाजवण्याइतकंच थांबणंही शिकवायचं असतं: ताईंचा हात खाली आला की सगळी वाद्यं गप्प. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, तिसऱ्यात जमतं. आवेग आवरण्याचा हा सराव दुसऱ्या कुठल्या खेळात इतक्या आनंदानं होत नाही.

हलगीवरून आवाजाकडे येतो. कानाची तयारी करायची आणि वर्षातून दहा दिवस त्याच कानाला डॉल्बीसमोर उभं करायचं, हा कोल्हापुरातला विरोधाभास आम्हाला कळत नाही. मोबाइल-हेडफोनसारख्या साधनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलांची मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ९९ डेसिबलला आठवड्याचा सगळा कोटा नऊ-साडेनऊ मिनिटांत संपतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. पेठांतल्या अरुंद गल्लीत भिंतींवरून परतणारा आवाज तेवढा उतरू देत नाही. कापसाचा बोळा फार कामाचा नाही. तान्हं बाळ मिरवणुकीत न्यायचंच असेल तर कानावर बसणारे मफ घ्या, आणि ते नसतील तर घरी ठेवा. कायद्यानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कुठे राहते ते वाचकांना ठाऊक आहे.

क्लासचं थोडक्यात. पाच-सहा वर्षांच्या आत तबला-पेटीचा औपचारिक वर्ग लावू नये. हाताचा पंजा लहान, भाता ओढताना खांदा वर जातो आणि ती सवय मोडता मोडत नाही. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून पहिलीतच 'प्रारंभिक' या पहिल्या परीक्षेची वही हातात देणं, हा तर मुलाला गाण्यापासून तोडण्याचा हमखास मार्ग आहे. व्याख्या पाठ होतात, षड्ज लागत नाही.

अल्लादियाँ खाँसाहेब राजर्षी शाहूंच्या दरबारात होते, केसरबाई केरकरांनी आठ वर्षांच्या असताना याच गावात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे धडे घेतले आणि त्यांचा आवाज १९७७ पासून व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. तासाभराच्या वाटेवरच्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शिक्षण हक्क कायद्यात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही शंभरावर पट असेल तर. कानाची खरी मशागत व्हायच्या वयात, म्हणजे तीन ते आठ वर्षांत, संगीताचा माणूस शाळेत नाहीच. सगळं अंगणवाडी ताईंवर आहे, आणि त्यांच्यावर आधीच पोषण आहार, वजन-उंची, नोंदवह्या आणि मोबाइल अ‍ॅपचा डोंगर आहे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या सेविकांच्या मासिक बैठकीत अर्धा तास पट्टीसाठी द्यावा. प्रत्येक ताईंनी पेटीवर स्वतःचा षड्ज ओळखावा, त्यावरून मुलांची पट्टी काढावी आणि ती खडूनं भिंतीवर लिहून ठेवावी. प्रत्येक बीटला, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांना मिळून, एक जुनी पेटी मिळाली तरी चालेल; मात्र पावसाळ्यात ती फरशीवर ठेवू नये, पट्ट्या फुगून अडकतात, आणि फुगल्यावर उन्हातही ठेवू नये, लाकूड तडकतं. गावागावांतल्या भजनी मंडळांनी शनिवारी सकाळी अर्धा तास जवळच्या अंगणवाडीला द्यावा, पण टाळ दोनच जोड न्यावेत आणि अभंग त्यांच्या चढ्या पट्टीत न घेता मुलांच्या पट्टीत घ्यावा. गावातल्या संगीत संस्थांनी वर्षातली एक सकाळ फक्त आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ठेवावी: चाळीस मिनिटं, माईक नाही, सतरंजीवर, कलाकाराच्या हातभर अंतरावर.

आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा ताईंनी हजेरीत टिपलेली नावं त्यांच्यापुढे ठेवावीत: जे मूल पाठ फिरवून उभं असताना नावाला वळत नाही, ज्याचा कान सर्दीत वारंवार वाहतो, जे गाण्यात कायम शेजाऱ्याचे ओठ बघून मागून म्हणतं. अशा मुलाला बेसूर ठरवण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा.

आपले,
बालवाडी व संगीत शिक्षक, कोल्हापूर